25 जानेवारीनंतरच्या स्कॉट्स भाषेचं काय?

प्रति,
स्कॉटिश सरकारचे मंत्री, एडिनबरा
स्कॉटिश संसदेचे सर्व सदस्य
32 स्थानिक परिषदांचे शिक्षण विभाग आणि 14 प्रादेशिक आरोग्य मंडळं

सादर नमस्कार.

जून 2025 मध्ये आपल्या संसदेनं स्कॉटिश भाषांचा कायदा मंजूर केला आणि त्या वर्षीच्या सेंट अँड्र्यू दिनापासून, म्हणजे 30 नोव्हेंबरपासून, गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा मिळाला. त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. मी आपल्या देशात बाहेरून आले. ॲबर्डीनशायरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून घरोघरी जाऊन पेशंट बघते, इथेच कर भरते, इथेच माझी मुलगी शाळेत जाते. त्यामुळे हा कायदा झाला तेव्हा मला वाटलं, आता माझ्या रोजच्या कामात काहीतरी हलेल. अजून तरी हललेलं नाही. म्हणून हे पत्र.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला टपालानं पाठवली आहे. मराठीत ते अशासाठी लिहिते आहे, की स्कॉटलंडमध्ये माझ्यासारखी मराठी माणसं आता बरीच आहेत. ॲबर्डीनमध्ये तेल कंपन्यांत, ग्लासगो-एडिनबऱ्यात आयटीत, आणि सगळीकडेच दवाखान्यांत. आपल्या 2020 च्या कायद्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही स्कॉटिश संसदेच्या आणि स्थानिक परिषदेच्या निवडणुकीत मत देता येतं. मत मागायला कोणी दारात आलं तर गणपतीच्या वर्गणीसारखं नुसतं हसून पाठवू नये, काहीतरी विचारावं, एवढीच माझी या वाचकांना विनंती आहे. काय विचारायचं ते पुढे येईलच.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन शब्द. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. गेलिक ही केल्टिक कुळातली, डोंगराळ उत्तरेची आणि पश्चिमेच्या बेटांची भाषा. स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण. दोघींचा उगम एकाच जुन्या भाषेत, पण पुढे दोघी वेगळ्या घरात वाढल्या. मैदानी भागात, पूर्व किनाऱ्यावर, ग्लासगोच्या गल्ल्यांत, ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर तीच बोलली जाते, प्रत्येक ठिकाणी आपापल्या वळणानं. आमच्या ॲबर्डीनशायरमधल्या तिच्या रूपाला डोरिक म्हणतात. पंधराव्या शतकात स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे याच भाषेत लिहिले जात. सरदारांनी आणि जमीनदारांनी आपल्या थोरल्या मुलांना शाळेत घातलंच पाहिजे, असं सांगणारा 1496 चा कायदा स्कॉट्समध्ये आहे. मग 1560 च्या धर्मसुधारणेनंतर बायबल आलं ते इंग्रजीतून, 1603 मध्ये राजा लंडनला गेला, 1707 मध्ये संसदही गेली. दरबार आणि कचेरी दोन्ही गेल्यावर भाषा शेतात, गोदीत आणि चुलीपाशी उरली. 1872 च्या शिक्षण कायद्यानं शाळा सगळ्यांसाठी सक्तीची केली, पण ती इंग्रजीतून. शिक्षणाचा जुना कायदा ज्या भाषेत लिहिला गेला, त्याच भाषेत बोललं म्हणून पुढे शाळेत पट्टा बसू लागला.

पट्टा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या पेशंटांपैकी कितीतरी जण तळहात पुढे करून दाखवतात की कुठे बसायचा. सरकारी शाळांतून ही शिक्षा कायद्यानं हटली ती 1980 च्या दशकात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी मुलांशी घरात बेतानंच स्कॉट्स बोललं. बाहेर मार बसू नये म्हणून.

आता माझ्या कामाकडे येते, कारण माझी पहिली तक्रार तिथली आहे.

या देशात नोकरी करायला येणाऱ्या माझ्यासारख्या परिचारिका, डॉक्टर, थेरपिस्ट अशा माणसांना आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. योग्यच आहे. मीही दिली. चांगले गुण मिळाले. मग मला पाठवलं ते मासेमारीच्या एका गावात, जिथे पहिल्याच आजोबांनी सांगितलं की खांद्यात 'स्टून' होतंय, पण कोपराखाली नुसतं 'डर्ल' होतंय. ठणकणं आणि झिणझिण्या. फिजिओथेरपिस्टला या दोन गोष्टींतला फरक कळला नाही तर ती स्नायूला उपचार करत बसेल आणि दाबलेली नस तशीच राहील. 'ऑक्स्टर' म्हणजे काख, 'क्वीट' म्हणजे घोटा, 'होस्ट' म्हणजे खोकला, 'वेम' म्हणजे पोट. हे मी शिकले ते पेशंटांकडून, त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता. रुजू झाले तेव्हा मला आग लागल्यावर कुठल्या दारानं बाहेर पडायचं याचं प्रशिक्षण मिळालं, पेशंटला उचलताना पाठ कशी ठेवायची याचं मिळालं, संगणकाचा पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा याचंही मिळालं. माझे पेशंट कोणत्या भाषेत बोलतील याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

आणि हे काही दोन-चार म्हाताऱ्यांपुरतं नाही. 2011 च्या जनगणनेत आपण पहिल्यांदा स्कॉट्सबद्दल प्रश्न विचारलात, तेव्हा ॲबर्डीनशायर आणि शेटलंडमध्ये जवळपास निम्म्या लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं सांगितलं. 2022 च्या जनगणनेत देशभरात 15 लाखांवर लोक बोलू शकणारे निघाले, आणि बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं यांपैकी काही ना काही येणारे 24 लाखांवर. तेही सुमारे 55 लाखांच्या देशात! इतके लोक जी भाषा जाणतात, तिचा रकाना आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर नाही. मोजणी झाली, पण मोजून पुढे केलं काय?

सगळ्यात जास्त त्रास होतो तो स्मृतिभ्रंशाच्या पेशंटांच्या बाबतीत. नोकरीतलं इंग्रजी, फोनवरचं इंग्रजी आधी विरतं आणि लहानपणची बोली शेवटपर्यंत टिकते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. वृद्धाश्रमात त्यांची काळजी घेणाऱ्या मुली केरळच्या, नायजेरियाच्या, फिलिपिन्सच्या असतात. मायाळू, कष्टाळू. आजी काहीतरी मागतात, मुलीला कळत नाही, आजी चिडतात, आणि नोंदवहीत शेरा पडतो 'आक्रमक वागणूक'. त्या आजींना फक्त खिडकी लावून हवी असते. असा शेरा एकदा पडला की तो पुढच्या दवाखान्यात, पुढच्या डॉक्टरांपर्यंत त्यांच्याबरोबर जातो. सन्माननीय आरोग्य मंडळांनो, हे थांबवायला संशोधन समिती नेमण्याची गरज नाही. गावातल्या दोन निवृत्त बायकांना अर्धा दिवस बोलवा, चहा-बिस्किटं द्या, आणि नव्या कर्मचाऱ्यांना त्यांच्यासमोर बसवा.

दुसरी तक्रार शाळेची.

दर जानेवारीत माझी मुलगी रॉबर्ट बर्न्सची कविता पाठ करते. 25 जानेवारी हा त्याचा जन्मदिवस. 1759 मध्ये एअरशायरमधल्या अॅलोवे गावी जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा अवघा 37 वर्षं जगला, आणि आज जगभर त्याच्या नावानं जेवणावळी होतात. शाळेत त्या आठवड्यात भिंतीवर काटेरी फुलांची चित्रं लागतात, मुलं चौकटीचा कपडा घालून येतात, हॅगिस खातात, उच्चारासाठी बक्षीस मिळतं. आमच्या घरी दोन प्रमाणपत्रं आहेत. ती मी फ्रिजवर लावली आहेत.

मग फेब्रुवारी येतो. तीच मुलगी गोष्ट लिहिते आणि गोष्टीतल्या आजोबांच्या तोंडी तेच शब्द घालते, जे आमच्या शेजारचे आजोबा रोज बोलतात. वही परत येते ती खुणा होऊन. 'योग्य इंग्रजी वापर.' वर्गात एखादा मुलगा 'आय', म्हणजे 'हो', म्हणाला तर 'यस म्हण' असं सांगितलं जातं. शाळेचं नाव मी घेणार नाही, कारण दोष त्या एका शाळेचा नाही आणि शिक्षिका चांगल्या आहेत. त्या स्वतः याच भागातल्या. त्यांना भेटले तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या की शिक्षकी पेशाच्या प्रशिक्षणात स्कॉट्सबद्दल आम्हाला काही शिकवलंच नव्हतं, काय स्वीकारायचं आणि काय दुरुस्त करायचं ते कुणी सांगितलं नाही. घरी आपल्या आईशी त्या डोरिकच बोलतात. वर्गाच्या दारात आल्या की बदलतात. त्यांना त्यांच्या शिक्षकांनी तसंच शिकवलं होतं.

शिक्षण विभागांनो, आपल्या अभ्यासक्रमाच्या कागदांत स्कॉट्स आहे, हे मला माहीत आहे. 2015 मध्ये सरकारनं स्कॉट्स भाषेचं धोरण जाहीर केलं, शाळांतून घेता येईल असा स्कॉट्सचा एक प्रमाणपत्र-अभ्यासक्रमही आहे, आणि ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं (ओपन युनिव्हर्सिटीनं) शिक्षकांनाही उपयोगी पडेल असा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम 2019 मध्ये सुरू केला. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्या ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडलेल्या आहेत. हौशी मुख्याध्यापिका असली तर शाळेत वर्षभर स्कॉट्स असतं, तिची बदली झाली की तेही जातं. वर्षाचे 51 आठवडे ज्या बोलण्याला चूक म्हणायचं, त्यालाच एका आठवड्यात वारसा म्हणायचं, हे मुलांच्या लक्षात येत नाही असं आपल्याला वाटतं का? माझ्या मुलीच्या लक्षात आलं. तिनं विचारलं, बर्न्सच्या वहीत कुणी लाल खुणा केल्या नाहीत का?

(केल्या होत्या, म्हणा. त्याच्या काळातल्या एडिनबऱ्याच्या विद्वानांनी. ते कोण होते हे आज फारसं कुणाला सांगता येत नाही.)

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण माझ्या मराठी वाचकांपैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न असेलच. मुलीला स्कॉट्स येऊन उपयोग काय, तिला चांगलं इंग्रजी यायला नको का? यायलाच हवं, आणि येतं. घरात ती मराठी बोलते, पुस्तकं इंग्रजीत वाचते, मैदानात डोरिकमध्ये भांडते. तिन्ही भाषा तिच्या डोक्यात सुखानं नांदतात. अडचण होते ती मोठ्यांना. मी साताऱ्याजवळच्या गावातली. पुण्यात शिकायला गेल्यावर माझ्या 'न्हाई' आणि 'व्हय' वर वर्ग हसायचा, आणि वर्षभरात मी ते शब्द गिळून टाकले. आजही आईशी फोनवर बोलतानाच ते परत येतात. त्यामुळे वही हातात घेऊन मुलगी गप्प बसली तेव्हा मला ते गप्प बसणं ओळखीचं वाटलं.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा जास्त आश्चर्याची आहे. आपल्याच सरकारनं 2010 मध्ये स्कॉट्सबद्दल लोकांना काय वाटतं याची पाहणी केली होती. सुमारे हजार प्रौढांना विचारलं. 85 टक्के म्हणाले, आम्ही कधी ना कधी स्कॉट्स बोलतो. आणि त्याच पाहणीत 64 टक्के म्हणाले, ही काही भाषा वाटत नाही, ही नुसती बोलायची एक तऱ्हा. म्हणजे बोलणारे भरपूर, पण आपण बोलतो ते काय आहे याची त्यांना लाज किंवा शंका. ही शंका आभाळातून पडलेली नाही. पाटी, फॉर्म, बातमी, परीक्षा, न्यायालय यांतल्या कशातही जी भाषा कधी दिसत नाही, ती भाषा आहे यावर सामान्य माणसानं विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर? ती दिसते कुठे, तर विमानतळावरच्या दुकानात. चहाच्या मगवर, भांडी पुसायच्या फडक्यावर, चुंबकावर. पावसाळी दिवसाला काय म्हणतात ते पर्यटक पाच पौंड देऊन घेऊन जातो. परिषदेच्या पाटीवर तो शब्द फुकटातही मिळत नाही.

पुरावा हवाच असेल तर तो आपल्या देशात कपाटं भरून आहे. जॉन जेमिसननं 1808 मध्ये स्कॉट्सचा मोठा व्युत्पत्तिकोश छापला. विसाव्या शतकात आधुनिक स्कॉट्सचा 10 खंडांचा राष्ट्रीय कोश 1976 मध्ये पुरा झाला आणि जुन्या स्कॉट्सचा 12 खंडांचा कोश 2002 मध्ये. कोशकारांच्या पिढ्या त्यात खपल्या. हे सगळं आज इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतं. माझ्या फोनमध्ये मी ते कामाचं साधन म्हणून ठेवलं आहे. 22 खंडांचे कोश असलेली गोष्ट नुसती बोलायची तऱ्हा असेल, तर जगातल्या निम्म्या भाषांना आपला दावा सोडावा लागेल.

कोश आहेत, पण रोजच्या लिहिण्याकडे लक्ष नाही, त्याचं काय होतं हे 2020 मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. स्कॉट्समधल्या विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन किशोरवयीन मुलानं लिहिले होते, ज्याला स्कॉट्स येत नव्हतं. इंग्रजी वाक्यं घेऊन त्यात कोशातले शब्द कोंबलेले. वर्षानुवर्षं ते तसंच होतं. मग बातमी फुटली आणि त्या मुलावर सगळे तुटून पडले. मला राग त्याचा आला नाही. त्यानं कुणाला फसवायला ते केलं नव्हतं. ज्या भाषेचे बोलणारे लाखांत आहेत, तिच्या सार्वजनिक लिखाणावर इतकी वर्षं नजर ठेवणारी कोणतीही जबाबदार, पगारी यंत्रणा नसावी, हे खरं खटकलं. आज यंत्रांना भाषा शिकवली जाते ती अशाच लिखाणावरून. भाषणाचं लेखन करणारं आमच्या कामाचं यंत्र माझं मराठी वळणाचं इंग्रजी बऱ्यापैकी ओळखतं आणि इथे जन्मलेल्या माझ्या पेशंटचं बोलणं भलतंच काहीतरी लिहून ठेवतं.

प्रसारणाबद्दल थोडक्यात. गेलिकसाठी 2008 पासून स्वतंत्र दूरचित्रवाहिनी आहे, आणि ती उत्तम आहे. स्कॉट्ससाठी तशी वाहिनी नाही. विनोदी मालिकेत स्कॉट्स आहे, फुटबॉलच्या गप्पांत आहे. हसायला चालते, बातमी द्यायला चालत नाही. प्रसारण हा विषय लंडनच्या अखत्यारीत आहे, असं उत्तर आपण द्याल. ते खरंच आहे. पण मागणी करायला अधिकार लागत नाही. आपण ती लेखी केली असेल तर जनतेला दाखवा, केली नसेल तर करा.

गेलिकचं नाव निघालं म्हणून हेही लिहून ठेवते. या पत्राचा उपयोग कुणी गेलिकविरुद्ध करू नये. गेलिक बोलणारे 2022 च्या जनगणनेत सुमारे 70 हजार होते, त्यांची भाषा जास्त धोक्यात आहे, आणि 2005 च्या कायद्यानं त्यांच्यासाठी जे वैधानिक मंडळ उभं राहिलं ते हवंच होतं. प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेखालीही ब्रिटननं गेलिकला तपशीलवार संरक्षण दिलं आणि स्कॉट्सला फक्त सर्वसाधारण भागात ठेवलं. माझं म्हणणं एवढंच, की एका भावंडाला औषध दिलं म्हणून दुसऱ्याला नुसता आशीर्वाद पुरत नाही. गेलिकच्या पैशातला एक पौंडही काढू नका. वेगळी तरतूद करा.

'पण स्कॉट्सला एक ठरलेलं शुद्धलेखन नाही' हे कारण मला अनेक बैठकांत ऐकवलं गेलं. शेटलंडचा माणूस एक लिहितो, ग्लासगोचा दुसरं, आमचा तिसरं. खरं आहे. पण या बाबतीत मराठीचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल. आम्ही एक प्रमाण भाषा ठरवली. तिचे फायदे मोठे झाले, पाठ्यपुस्तकं आली, वर्तमानपत्रं आली. आणि त्याच प्रमाण भाषेनं वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या पोरांना पिढ्यानपिढ्या अशुद्ध ठरवलं. आपण हा टप्पा टाळू शकता. गावच्या पाटीवर गावचं स्कॉट्स लिहा. शेटलंडच्या शाळेत शेटलंडचं, आमच्याकडच्या बॅन्फच्या शाळेत डोरिक. मुलाच्या वहीत ज्या त्या भागातलं कोशात सापडणारं रूप बरोबर माना. एकच रूप ठरेपर्यंत काहीच करायचं नाही, असं ठरवलंत तर तोवर बोलणारेच उरणार नाहीत.

बॅन्फवरून आठवलं. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहून 1826 मध्ये तीन खंडांत छापणारा ग्रँट डफ बॅन्फचाच. साताऱ्याचा रेसिडेंट होता तो. आमच्याकडे त्याच्या इतिहासावर टीका करायची दीर्घ परंपरा आहे आणि तिला कारणंही आहेत. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या लॉडर गावचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीला मराठी भाषेविषयीचं टिपण जोडलं ते त्यांनी. ज्या गावांत घरोघरी स्कॉट्स चालायची, तिथून आलेली माणसं साम्राज्याच्या आणि धर्मप्रसाराच्या कामासाठी का होईना, माझ्या भाषेची नोंद ठेवत होती. त्यांच्या देशात त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या बोलीचं काय चाललं होतं ते वर आलंच आहे. मी हा हिशेब मांडत नाही. फक्त 'बाहेरून आलेल्या बाईनं आमच्या भाषेत का पडावं' असं कुणी विचारलं, तर हे उत्तर माझ्याकडे तयार आहे.

आणि अधिकृत दर्जाबद्दल. महाराष्ट्रात मराठी राजभाषेचा कायदा 1964 मध्ये झाला. तरीही सगळ्या शाळांत मराठी शिकवावीच लागेल असा आणखी एक कायदा 2020 मध्ये करावा लागला. 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि मराठी शाळांच्या पटाची चिंता दुसऱ्या दिवशी होती तिथेच होती. म्हणून कायदा मंजूर झाल्याच्या बातमीवर मी टाळ्या वाजवल्या, पण नजर पुढच्या कागदांवर ठेवली. त्या कायद्यानं मंत्र्यांवर स्कॉट्सचं धोरण तयार करायची जबाबदारी टाकली आहे. धोरणात काय असावं, ते आता मागण्यांच्या रूपात सांगते.

स्कॉट्सच्या धोरणात रक्कम, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद या तीन गोष्टी छापलेल्या हव्यात. 'प्रोत्साहन देऊ', 'प्रयत्नशील राहू' अशा क्रियापदांनी भरलेला मसुदा आला, तर तो परत पाठवावा, ही संसद सदस्यांना विनंती.

प्रत्येक आरोग्य मंडळानं बाहेरून येणाऱ्या कर्मचाऱ्यांना रुजू होतानाच त्या भागातल्या स्कॉट्सची ओळख करून द्यावी, आणि ती स्थानिक माणसांकडून. रुग्णनोंदणीच्या फॉर्मवर स्कॉट्सचा पर्याय असावा. मात्र ही परीक्षा करू नका. व्हिसाच्या किंवा नोकरीच्या अटीत स्कॉट्स घातलंत तर मी पहिली विरोध करीन. आम्हाला शिकायची संधी हवी आहे, आणखी एक अडथळा नको. प्रौढांसाठी परिषदा जे मोफत इंग्रजी वर्ग चालवतात, त्यांतही बसथांब्यावर प्रत्यक्ष कानावर पडणारी भाषा थोडी यावी.

शिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षणात स्कॉट्सचा एक सक्तीचा भाग असावा, आणि वहीत काय दुरुस्त करायचं नि काय नाही याची लेखी सूचना शाळांकडे जावी. जानेवारी सोडून उरलेल्या महिन्यांत आपल्या शाळांनी स्कॉट्समध्ये काय केलं, ते प्रत्येक परिषदेनं दरवर्षी जाहीर करावं.

कोशांना आणि पर्थमधल्या स्कॉट्स भाषा केंद्राला वर्षावर्षाच्या अनुदानाच्या टांगणीवर ठेवू नका, किमान पाच वर्षांची हमी द्या. परिषदेच्या इमारती, ग्रंथालयं, गावांच्या वेशी इथल्या नव्या पाट्यांवर स्थानिक स्कॉट्स यावं. जुन्या पाट्या काढायला मी सांगत नाही, नाहीतर खर्चाचा आकडा दाखवून सगळंच फेटाळाल. आणि आठवड्यातून एकदा तरी स्कॉट्समधून गंभीर बातमीपत्र व्हावं, यासाठी लंडनला लिहिलेलं पत्र सार्वजनिक करा.

आपल्यापैकी अनेकांनी संसदेत स्कॉट्समधून शपथ घेतली आहे. 1999 मध्ये ही संसद पुन्हा भरली तेव्हा सभागृहात बर्न्सचंच गाणं गायलं गेलं होतं. तेव्हा मागण्या परक्या वाटू नयेत.

माझ्या परिषदेच्या शिक्षण विभागाला मी स्वतंत्र अर्ज करून विचारलं आहे की गेल्या शैक्षणिक वर्षात किती शाळांनी जानेवारीबाहेर स्कॉट्स शिकवलं. माहिती अधिकाराच्या इथल्या कायद्यानुसार कामकाजाच्या 20 दिवसांत उत्तर यायला हवं. स्कॉटलंडमधल्या मराठी वाचकांनी आपापल्या परिषदेला हाच प्रश्न विचारावा. अर्ज इंग्रजीत चार ओळींचा आहे, शुल्क नाही, आणि दारात येणाऱ्या उमेदवाराला विचारायचा प्रश्नही हाच आहे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
ॲबर्डीनशायर (मूळची साताऱ्याची)